घरकामगार कुटुंबांवर कोरोनाकाळाचा काय परिणाम झाला, हे कसं शोधायचं

एमएसडब्ल्यूचे (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचे) विद्यार्थी, वस्तीत काम करणाऱ्या संस्था, कामगार संघटना अशा बऱ्याच जणांना हा अभ्यास करायचा असतो. सुरुवात बहुतेकदा एकाच प्रश्नाने होते: "लॉकडाऊनमध्ये तुमचं उत्पन्न किती कमी झालं?" उत्तर येतं, "निम्मं." पाचशे जणींना विचारलं तर चारशे जणी निम्मंच म्हणतात, आणि अहवालात "उत्पन्न ५० टक्क्यांनी घटले" असं छापून येतं. हा आकडा कुणी मोजलेला नसतो. तो खऱ्याच्या जवळ कसा न्यायचा, ते मुंबई-पुणे-नाशिकच्या वस्त्यांमधल्या घरकामगार बायकांचं उदाहरण धरून पाहू. नाका मजूर, फेरीवाले, कचरावेचक यांच्यासाठी तपशील बदलतील, रीत हीच राहील.

आधी परिणाम कशाचा ते ठरवा

"कोरोनाचा परिणाम" या दोन शब्दांत तीन गोष्टी एकात एक मिसळलेल्या असतात. आजाराचा परिणाम, म्हणजे दवाखान्याचं बिल, मृत्यू, नंतरचा अशक्तपणा. सरकारी बंदीचा परिणाम, म्हणजे बंद लोकल, बंद शाळा, बंद नाका. आणि लोकांच्या वागण्याचा परिणाम. जून २०२० नंतर निर्बंध सैल झाले तरी कित्येक सोसायट्यांनी कामाच्या बायकांना गेटवर अडवलं. हुकूम तसा कुणाचाच नव्हता, तरी पगार बुडाला. काम का थांबलं याचे हे तीन पर्याय प्रश्नावलीत वेगळे ठेवा. एकदा "लॉकडाऊनमुळे" असं सरसकट लिहून आणलं की नंतर ते कुणालाच सोडवता येत नाही.

काळाचेही तुकडे पाडा. चार पुरतात: फेब्रुवारी २०२०, एप्रिल-मे २०२०, दिवाळीचा महिना म्हणजे नोव्हेंबर २०२०, आणि एप्रिल-मे २०२१. पाचवा रकाना आजचा. पाचपेक्षा जास्त तुकडे केले तर बाई कंटाळते आणि आधीच्याच रकान्यातलं उत्तर पुढे ढकलते.

तारखा आठवत नाहीत, सण आठवतात

"जून २०२० मध्ये किती घरं होती?" याला उत्तर मिळणार नाही. म्हणून प्रत्येक सर्वेक्षकाच्या हातात एका पानाची घटनापत्रिका द्या. जनता कर्फ्यू रविवारी २२ मार्चला होता आणि गुढीपाडवा २५ मार्चला, म्हणजे देशभर टाळेबंदी लागली त्याच दिवशी. श्रमिक गाड्या १ मेपासून सुटल्या, निसर्ग वादळ ३ जूनला आलं, गणपती २२ ऑगस्टला बसले, लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला झालं. पुढच्या वर्षीचा पाडवा १३ एप्रिल २०२१ ला होता आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून राज्याचे कडक निर्बंध लागले. "गणपतीत काम सुरू झालं होतं का? गौरी जेवल्या तेव्हा हातात पैसे होते का?" असं विचारलं की बाई थांबते, आठवते आणि मग बोलते. वस्तीत सगळे समाज असतील तर ईदच्या तारखाही पत्रिकेत घाला.

मुंबईत आणखी एक खूण फार कामाची. लोकल २१ ऑक्टोबर २०२० ला सर्व महिलांसाठी खुली झाली, पण सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. सकाळी सातला दादरच्या घरात पोळ्या लाटायला पोचायचं असेल तर अकराच्या गाडीचा काय उपयोग? कागदावर प्रवास खुला झाला आणि दिवा-कळव्याहून येणाऱ्या बाईचं काम मात्र बंदच राहिलं. "लोकल कधी सुरू झाली" एवढंच विचारलं तर हे निसटतं. "तुमच्या कामाच्या वेळेला गाडीत पहिल्यांदा कधी बसलात" असं विचारा.

हंगामही लक्षात ठेवा. अनेक जणी दरवर्षी मे महिन्यात पंधरा-वीस दिवस गावी जातात आणि काही घरं त्या दिवसांचा पगार कापतात. मे २०२० ची सगळी घट महामारीच्या खात्यावर टाकण्याआधी "एरवी मे महिन्यात किती दिवस गावी असता, तेव्हा पगार मिळतो का" हे विचारून ठेवा.

कोणाला विचारायचं

घरकामगारांची पूर्ण यादी कुठेच नाही. राज्यात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ झालं, पण त्यातली नोंदणी म्हणजे सगळ्या घरकामगार नव्हेत. शिवाय नोंदणी झालेली बाई बहुधा संघटनेच्या ओळखीतली, थोडी बोलकी, थोडी माहितगार. फक्त त्यांनाच विचारलं तर एप्रिल २०२१ मध्ये जाहीर झालेली ₹१,५०० ची मदत सगळ्यांना मिळाल्यासारखी दिसेल. ती होतीच नोंदणीकृत कामगारांसाठी. २०११ च्या जनगणनेवरून वस्ती निवडायची तर ती आकडेवारी महामारीच्या वेळीच नऊ वर्षं जुनी होती. दरम्यान किती झोपड्या पाडल्या, किती एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) इमारती उभ्या राहिल्या. तेव्हा घरयादी स्वतःच करावी लागते.

गल्लीच्या तोंडापासून सुरू करा, डाव्या हाताने चाला, प्रत्येक दार मोजा. पोटमाळ्यावरचा भाडेकरू म्हणजे वेगळं घर. कुलूप दिसलं तर "बंद" लिहून पुढे जाऊ नका. शेजारणीला विचारा, "२०२० ला इथं कोण राहायचं, आता कुठं गेले?" या अभ्यासातली सगळ्यात मोठी चूक इथेच होते. ज्यांचं भाडं थकलं, ज्यांना खोली सोडून गावी किंवा आणखी लांब स्वस्त खोलीत जावं लागलं, ते आज वस्तीत नाहीत. तुम्ही भेटता ते टिकून राहिलेल्यांना, आणि मग निष्कर्ष निघतो की कुटुंबं बरीच सावरली. निघून गेलेल्यांची वेगळी वही ठेवा. शेजाऱ्यांकडून निदान वीस-पंचवीस कुटुंबांचे फोन मिळवून त्यांच्याशी बोला. हा नमुना शास्त्रशुद्ध नसेल. त्याचं प्रकरण अहवालात वेगळं लिहा, टक्केवारीत मिसळू नका.

संख्या किती? ९५ टक्के विश्वासपातळी आणि अधिक-उणे ५ टक्के चूक धरली तर साधं गणित ३८४ घरं सांगतं. पण एकाच गल्लीतली घरं एकमेकींसारखी असतात, त्यामुळे ३८४ पुरत नाहीत. गल्लीतल्या सारखेपणाचा गुणक ०.०५ धरा. प्रत्येक गल्लीत १० घरं घेतली तर १ + (९ × ०.०५) = १.४५, म्हणजे ३८४ च्या १.४५ पट, सुमारे ५५७ घरं. दहा टक्के घरं नकार देतील किंवा सापडणार नाहीत असं धरलं की ६२० होतात, म्हणजे ६२ गल्ल्या. चालणं वाचवायला गल्लीत २० घरं घेतली तर १.४५ चा आकडा १.९५ वर जातो आणि नकार धरून ८३२ घरं लागतात. एवढा पैसा नसेल तर १५० घरांचा अभ्यासही करता येतो, फक्त त्यात "जिल्ह्यातल्या इतके टक्के घरकामगारांनी" असं वाक्य लिहायचं नाही.

गल्ल्या चिठ्ठी टाकून निवडल्या असतील तर वजन द्यायला विसरू नका, म्हणजे निवडलेलं एक घर किती घरांच्या वतीने बोलतंय तो आकडा. एका गल्लीत घरकामगारांची ४० घरं आणि त्यातली १० घेतली, तर प्रत्येक घराचं वजन ४; दुसरीत १५ पैकी १० घेतली तर दीड. वजन न देता काढलेली सरासरी लहान गल्ल्यांच्या बाजूला झुकते.

वेळ दुपारी अडीच ते साडेचार. सकाळी बाई कामावर, संध्याकाळी स्वयंपाक आणि पुन्हा काम. नळाला पाणी कधी येतं ते आधी विचारून घ्या. पाण्याच्या वेळेला गेलात तर कुणीही बसणार नाही, आणि बसू नये. फोनवरून मुलाखती घ्यायच्या असतील तर फोन कुणाचा आहे ते लिहा. तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात असतो आणि उत्तरंही मग तोच देतो.

उत्पन्न घराघराने विचारा

घरकामगाराचा पगार एक नसतो. प्रत्येक मालकिणीचा वेगळा, प्रत्येक कामाचा वेगळा. म्हणून ती जिथे काम करते त्या घराघराचा तक्ता करा: काम कोणतं (भांडी, धुणं, झाडू-फरशी, पोळ्या, पूर्ण स्वयंपाक, मूल सांभाळणं), पगार किती, आणि पाचही काळात ते घर सुरू की बंद.

समजा एका बाईकडे फेब्रुवारी २०२० मध्ये चार घरं होती. भांड्यांचे ₹१,५००, धुणं-भांड्यांचे ₹२,०००, झाडू-फरशीचे ₹१,२००, स्वयंपाकाचे ₹२,८००. एकूण ₹७,५००. एप्रिलमध्ये पहिल्या घराने पूर्ण पगार दिला, दुसऱ्याने अर्धा, बाकी दोघांनी काहीच नाही. हातात आले ₹२,५००, म्हणजे एक तृतीयांश. दिवाळीत पहिलं घर पूर्वीसारखं, दुसरं ₹१,५०० वर परत आलं, तिसरं-चौथं कायमचं सुटलं, नवं एक घर ₹१,००० चं मिळालं. एकूण ₹४,०००. हीच बाई तोंडी विचारल्यावर दोन्ही वेळांबद्दल "निम्मं" म्हणाली असती. तक्त्यातून आणखी एक गोष्ट दिसते: गेलं ते सगळ्यात जास्त पैशांचं स्वयंपाकाचं काम, आणि परत मिळालं ते कमी पैशांचं. सावरलं की नाही याचं उत्तर घरांच्या संख्येत शोधलं तर चार घरांची तीन झाली एवढंच कळतं.

एप्रिलचा पूर्ण पगार दिला म्हणणाऱ्या घराबद्दल एक प्रश्न जादा विचारा: "तो पगार होता की उचल?" नंतरच्या महिन्यांत कापून घेतला असेल तर ते कर्ज झालं, उत्पन्न नव्हे.

कुटुंबाचं एकूण उत्पन्न मांडताना सापळा वेगळा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये घरात येणारे पैसे फेब्रुवारीइतकेच दिसतात. कारण बारावीतला मुलगा शाळा सोडून पार्सल पोचवायला लागला, किंवा चौदा वर्षांची मुलगी आईबरोबर दोन घरं करायला लागली. बेरीज सावरलेली आणि घर मोडलेलं. म्हणून कमावणाऱ्या प्रत्येकासमोर "कधीपासून कमावतो" हा रकाना हवाच.

कर्ज हा शब्द वापरूच नका

"कर्ज आहे का?" "नाही." हे उत्तर खोटं नसतं. वाण्याची उधारी, मालकिणीकडची उचल, गहाण ठेवलेलं मंगळसूत्र, भिशी आधी उचलली ती, भावाकडून आणलेले उसने, यांतलं काहीच लोकांच्या हिशेबी कर्ज नाही. प्रत्येकाचं नाव घेऊन वेगळं विचारा: बँक, मायक्रोफायनान्सचा गट, बचत गट, भिशी, सावकार, वाणी, मालकीण, घरमालकाचं थकलेलं भाडं, सोनं, नातेवाईक. सोन्याबाबत "गहाण" आणि "मोडलं" हे दोन वेगळे रकाने. गहाण असेल तर सोडवलं का, कधी, आणि कुठून पैसे आणून. पुष्कळदा एका गटाचं कर्ज काढून दुसरीकडचं सोनं सोडवलेलं असतं. दोन्ही ओळी जोडून वाचल्या नाहीत तर कर्ज दुप्पट मोजलं जातं.

व्याज लिहिताना सर्वेक्षक हमखास चुकतात. "शेकडा पाच" म्हणजे शंभराला महिन्याला पाच रुपये, वर्षाला साठ टक्के. ₹२०,००० वर महिन्याला ₹१,००० नुसतं व्याज. फॉर्ममध्ये "व्याजदर: ५%" लिहून आणलं की हिशेब बारा पटींनी चुकतो. रकाना असाच करा: "दर महिन्याला व्याजाचे किती रुपये देता?" आणि "कागदावर किती, हातात किती?" दहा हजारांच्या कर्जात हजार आधीच कापून नऊ हातावर ठेवण्याची पद्धत सर्रास आहे.

रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना दिलेली सवलत १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० ची होती. त्या काळात व्याज थांबलं नव्हतं. "हप्ता थांबला का" यानंतर लगेच "नंतर हप्ता वाढला की मुदत" हे विचारा. हप्ता थांबल्याचं सांगितलंच नाही आणि माणूस दारात येत राहिला, असं उत्तर आलं तर त्यासाठीही पर्याय ठेवा.

कागद असेल तर पाहा. वाण्याची उधारीची वही हा त्या काळातला सगळ्यात प्रामाणिक दस्तऐवज. ती तेव्हाच लिहिलेली आहे, आठवून सांगितलेली नाही. गटाचं हप्त्याचं कार्ड, सोनाराची पावती, पासबुक, जून २०२० चं एकदम तीन महिन्यांचं आलेलं वीजबिल हेही चालतं. फोटो काढू नका, आकडे उतरवून घ्या.

रेशन

"रेशन मिळालं का?" या प्रश्नातून काहीही कळत नाही. कार्ड पाहा. पिवळं, केशरी की पांढरं, आणि केशरी असेल तर त्यावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का आहे का. शिक्का असलेल्यांना एप्रिल २०२० पासून माणशी ५ किलो मोफत धान्य होतं. बिनशिक्क्याच्या केशरीवाल्यांना ते नव्हतं. त्यांना मे-जूनसाठी ₹८ ने गहू आणि ₹१२ ने तांदूळ मिळायचा होता. दोघी "केशरी कार्ड, रेशन मिळालं" असंच सांगतात. तिसरीचं कार्ड गावी, सासूच्या नावावर. चौथीच्या कार्डात धाकट्या दोघांची नावंच चढवलेली नाहीत, म्हणजे सहा जणांच्या घरात चार जणांचं धान्य. म्हणून तीन आकडे घ्या: घरात माणसं किती, कार्डावर किती, मिळालं किती किलो.

जेवण कमी झालं का, हे मोजायचे तयार आठ प्रश्न अन्न व कृषी संघटनेने केले आहेत. ते गेल्या महिन्यासाठी किंवा वर्षासाठी आहेत. २०२० साठी वापरले तर आकडा सुबक येतो आणि त्याला अर्थ नसतो. त्या काळासाठी मोजकं विचारा: दूध बंद केलं का, डाळ किती दिवसांनी, घरात शेवटी कोण जेवायचं.

शाळा, लग्न, मृत्यू

"मुलाने शाळा सोडली का" याचं उत्तर "नाही" येतं, कारण पटावर नाव असतं. "शाळेत शेवटचा कधी गेला, परत पहिल्यांदा कधी गेला, मधल्या काळात फोन कुणाचा वापरला" असं विचारा. शहरात आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले. त्यानंतरही न गेलेली मुलं म्हणजे खरी गळती.

मुलींची लग्नं विचारताना सावध राहा. अठरा पूर्ण नसताना लग्न झालेलं तुम्हाला कळलं तर पॉक्सो कायद्याने (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) तुमच्यावर काही बंधनं येतात. क्षेत्रात उतरण्याआधीच वकिलाशी आणि नैतिकता समितीशी बोलून ठरवा की काय विचारणार, काय नाही, आणि संमती घेताना याबद्दल बाईला काय सांगणार. १०९८ (मुलांसाठी) आणि १८१ (महिलांसाठी) हे मदतीचे क्रमांक सर्वेक्षकाकडे हवेत. घरातल्या मारहाणीबद्दल प्रश्न घालायचा मोह होतो. दहा बाय दहाच्या खोलीत, सासू पलंगावर आणि नवरा दारात असताना तो प्रश्न विचारणं म्हणजे त्या बाईला रात्री मार खायला लावणं आहे. एकांत आणि प्रशिक्षित माणूस दोन्ही नसेल तर तो भाग गाळा.

मृत्यू विचारताना "कोरोनाने कोणी गेलं का" असं विचारू नका. चाचणीच झालेली नसते, किंवा लाजेपोटी "दमा होता" म्हणतात. जानेवारी २०२० पासून घरातले सगळे मृत्यू, महिना आणि वय घ्या, मग लक्षणं, दवाखाना, चाचणीचा कागद. महापालिकेच्या मृत्यू दाखल्यावर कारण लिहिलेलं नसतं, त्यामुळे तो पाहून निकाल लागत नाही. कोरोनाने झालेल्या मृत्यूसाठीच्या ₹५०,००० च्या सानुग्रह मदतीसाठी अर्ज केला का, मिळाली का, कुणाच्या खात्यात गेली, हे तिन्ही विचारा. विधवा सुनेऐवजी रक्कम दिराच्या हातात जाऊ शकते. खासगी दवाखान्याचं बिल असेल तर मे २०२० मध्ये राज्याने ठरवलेले दर शेजारी ठेवून पाहा: वॉर्डला दिवसाला ₹४,०००, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षतेला ₹७,५००, व्हेंटिलेटरसह ₹९,०००. पीपीई किट आणि महाग औषधं त्याबाहेर होती, आणि बिल फुगायचं ते तिथेच.

क्षेत्रात आणि नंतर

सर्वेक्षकांना तीन दिवस प्रशिक्षण, चौथ्या दिवशी निवड न झालेल्या गल्लीत पंचवीस मुलाखतींची चाचणी. मुलाखत ४५ मिनिटांपुढे गेली तर प्रश्न कापा. एक जण दिवसाला पाच घरं नीट करतो. ६२० घरांना आठ जणांचे साधारण सोळा दिवस. कोबो टूलबॉक्स या मोबाइलवर सर्वेक्षण भरायच्या साधनात मराठी फॉर्म इंटरनेटशिवाय चालतो. दहा टक्के घरांत दुसऱ्या माणसाने जाऊन पाच प्रश्न पुन्हा विचारावेत. बारा मिनिटांत संपलेल्या मुलाखती आणि सगळे आकडे शून्यांवर संपणारे फॉर्म आधी तपासा.

"हा कसला फॉर्म भरताय?" ही अफवा पहिल्याच दिवशी उठते. योजना येणार असं वाटलं की गरिबी वाढवून सांगितली जाते आणि फ्रिज शेजारणीचा होतो. आधार क्रमांक मागू नका, यादी कुणाला देणार नाही आणि यातून पैसे मिळणार नाहीत, हे पहिल्या वाक्यात सांगा. वेळेचा मोबदला द्यायचा असेल तर सर्वांना सारखा आणि मुलाखत संपल्यावर.

आकडे मांडताना सरासरीऐवजी मध्यक वापरा, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येतो तो. एका घरातल्या सहा लाखांच्या दवाखान्याच्या बिलाने सरासरी कुठल्या कुठे जाते. "माहीत नाही" साठी ९९ हा संकेत ठेवू नका, तो पुढे ९९ रुपये पगार होऊन बसतो. उणे ९८, उणे ९७ असे ठेवा. पगाराचा रिकामा रकाना आणि शून्य पगार या वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींना एकच समजून बेरीज करणारे अहवाल थोडे नाहीत. नोव्हेंबर २०२० चे ₹४,००० आणि आजचे ₹४,००० ताडून पाहायचे तर महागाईचा निर्देशांक लावा.

तुलनेला त्याच वस्तीतला पगार न थांबलेला गट घ्या, उदाहरणार्थ पालिकेच्या साफसफाईच्या कामावरची कुटुंबं. दोन्ही गटांत झालेल्या बदलातला फरक हा तुमच्या निष्कर्षाचा गाभा. सरकारी आकडे शेजारी ठेवताना त्यांच्या तारखा वाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचं महाराष्ट्रातलं काम २०१९ मध्येच संपलं होतं, त्यामुळे ते महामारीपूर्वीचं चित्र म्हणून चालतं. त्यातून कोरोनाचा परिणाम दाखवणं चूक. श्रमबलाचं २०१९-२० चं सर्वेक्षण जुलै ते जूनचं आहे; वर्षाच्या आकड्यात टाळेबंदीची शेवटची तिमाही आधीच्या तीन तिमाहींखाली दबून जाते. तिमाही आकडे वेगळे काढा.

अहवाल छापण्याआधी एका पानावर मोठ्या अक्षरात आकडे लिहून वस्तीत दुपारी एक बैठक घ्या. घराघराचा तक्ता बायकांसमोर वाचला की त्या लगेच सांगतात, अमुक सोसायटीत दिवाळीचा बोनस पगारात धरलाय, तमुक गल्लीत भाडं माफ झालं होतं ते लिहिलंच नाही. त्या दुरुस्त्या तारखेसह टिपा, मूळ नोंद न खोडता शेजारी लिहा, आणि मग छपाईला द्या.